तंबोऱ्याचे पॉलिश (मिरज)
जुन्या तंबोऱ्याला मूळचा रंग व झळाळी परत देण्याचे काम. सांगली जिल्ह्यातील मिरज हे त्याचे माहेरघर. फरीदसाहेब सतारमेकर हे तिथल्या वाद्यनिर्मितीच्या परंपरेचे आद्य कारागीर. मिरजेच्या सतार-तंबोऱ्याला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. भेगा बुजवून बारीक पॉलिश पेपरने जुना थर उतरवतात. नक्षीच्या कडेशी हात हलकाच हवा. भोपळा आणि लाकूड रंग सारखा पीत नाहीत, त्यामुळे छटा जुळवणे सर्वांत अवघड. मग स्पिरिटमध्ये विरघळवलेली लाख कापडाच्या बोळ्याने पातळ, थरावर थर चढवतात. घाईत जाड हात बसला की काचेसारखी चकाकी येते आणि वाद्याचे वय हरवते. गायकाच्या बोटांनी गडद झालेला दांडीवरचा पट्टा तर मुळीच खरवडू नये.