कोकणच्या उन्नतीतील अडसर आणि प्रांतिक राज्यकारभार

एखाद्या प्रदेशाची उन्नती खुंटली म्हणजे तिची दोन कारणे तत्काळ सांगितली जातात. तेथील भूमीच तशी, हे एक. आणि सरकार लक्ष देत नाही, हे दुसरे. दोन्ही कारणे अर्धी खरी आहेत, आणि म्हणूनच त्यांवर विसंबून राहणे घातक होय. आपल्या समाजाची बहुसंख्य घराणी मूळची रत्नागिरी-सिंधुदुर्गाकडील. पोटासाठी ती मुंबईस आली, स्थिरावली. परंतु गावाकडील घर, देवघर आणि चार गुंठे जमीन यांच्याशी असलेला धागा अद्यापि तुटलेला नाही. तेव्हा कोकणच्या वाटेत कोणते अडसर होते आणि प्रांताच्या सरकारांनी ते कसे हाताळले, याचा थोडक्यात आढावा या वार्षिकाच्या निमित्ताने घेण्याचे आम्ही योजिले आहे.

प्रथम निसर्गाचा अडसर पाहू. पूर्वेस सह्याद्रीचा कडा आणि पश्चिमेस समुद्र, यांमधील ही चिंचोळी पट्टी. सावित्री, वाशिष्ठी, शास्त्री, काजळी, वाघोटन अशा आखूड पण वेगवान नद्या तिला आडव्या छेदून जातात आणि मुखाशी रुंद खाड्या होतात. त्यामुळे घाटावर जाण्यास कुंभार्ली, आंबा, फोंडा, आंबोली असे मोजकेच मार्ग. आणि उत्तरेकडून दक्षिणेकडे जावयाचे तर दर काही कोसांवर तर ठरलेली. पाऊस वर्षाला सुमारे तीन हजार मिलिमीटर पडतो. तथापि जांभ्या दगडाच्या उतारावर तो ठरत नाही आणि चैत्र-वैशाखात बायामाणसांना हंड्यासाठी पायपीट करावी लागते. विपुल जलात तहानलेला प्रदेश, असे कोकणचे वर्णन करावे लागते ते याचमुळे.

परंतु डोंगर फोडता येत नाहीत असे नव्हे. सन १८५३ मध्ये मुंबई-ठाणे आगगाडी धावली आणि अवघ्या दहा वर्षांत, सन १८६३ मध्ये, बोरघाट फोडून लोहमार्ग देशावर गेला. देशावरचा कापूस मुंबई बंदरात आणावयाचा होता, म्हणून सह्याद्रीही आडवा आला नाही. कोकणातून असा माल निघत नव्हता. निघत होती ती माणसे, आणि त्यांच्यासाठी आगबोट पुरेशी मानली गेली. पावसाळ्यात समुद्र खवळला की तीही बंद. दिनांक १७ जुलै १९४७ रोजी रेवसकडे निघालेली रामदास बोट मुंबईजवळच बुडाली आणि सहाशेहून अधिक माणसे प्राणास मुकली. ज्या प्रदेशाला दुसरा मार्गच नाही, त्याला या अभावाची किंमत अशी मोजावी लागते.

दुसरा अडसर जमिनीच्या व्यवस्थेचा. खोती पद्धतीत गावचा वसूल गोळा करणारा खोत आणि कसणारे कूळ यांचे संबंध असे विकोपास गेले, की जमीन सुधारण्याची उमेद कोणासच उरली नाही. आपल्या समाजात दोन्ही बाजूंची घराणी होती. म्हणून हा विषय आम्ही कोणास दूषण देण्यासाठी काढीत नाही. अलिबाग तालुक्यातील चरी येथे नारायण नागू पाटील यांच्या नेतृत्वाखाली सन १९३३ मध्ये कुळांनी संप पुकारला व तो सुमारे सहा वर्षे चालला. शेते ओसाड राहिली, माणसे लाकूडफाटा विकून जगली, पण संप मोडला नाही. सन १९३७ मध्ये डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी मुंबई प्रांताच्या विधिमंडळात खोती नष्ट करण्याचे विधेयक मांडले; ते त्या वेळी संमत झाले नाही. मात्र सन १९३९ मध्ये कूळकायदा झाला, सन १९४८ मध्ये तो अधिक व्यापक झाला आणि सन १९४९ च्या कायद्याने खोती संपुष्टात आली. पुढे १ एप्रिल १९५७ हा कृषकदिन ठरला व कसणारा मालक मानला गेला. बारा वर्षांपूर्वी अशक्य वाटलेली गोष्ट कायद्याने झाली, ती त्यामागे लोकांचा दीर्घ रेटा होता म्हणून.

आता तिसऱ्या अडसराकडे वळू. हा मोजमापाचा आहे, आणि आमच्या मते आजवर सर्वांत दुर्लक्षित तोच. २८ सप्टेंबर १९५३ च्या नागपूर करारात विदर्भ, मराठवाडा आणि उरलेला प्रदेश असे तीन भाग मानले गेले. राज्यघटनेच्या ३७१(२) या कलमातही विदर्भ, मराठवाडा आणि उर्वरित महाराष्ट्र यांसाठीच विकासमंडळांची तरतूद झाली. विदर्भ-मराठवाड्यास आपल्या न्याय्य वाट्याची हमी मिळणे योग्यच होते. परंतु कोकण या उर्वरितात गेले, आणि पुणे, नाशिक व साखरपट्ट्यातील सधन जिल्ह्यांच्या पंक्तीस बसले. प्रा. वि. म. दांडेकर यांच्या समितीने सन १९८४ मध्ये जिल्हावार अनुशेष मोजला. तो एकूण ३,१८६ कोटी रुपयांहून अधिक भरला व त्यातील सुमारे ३७ टक्के उर्वरित महाराष्ट्राचा निघाला. सन १९९४ मध्ये मंडळे स्थापन झाली, तीही तीनच. स्वतंत्र कोकण मंडळाची मागणी वारंवार झाली, पण ती फळास आली नाही. आणि तिन्ही मंडळांची मुदत ३० एप्रिल २०२० रोजी संपली. ज्याची गणना उर्वरितात होते, त्याचे दुःखही उर्वरितच ठरते. कोयनेचे उदाहरण बोलके आहे. पोफळीच्या वीजगृहातून राज्यास वीज मिळते आणि तेथून सुटणारे पाणी वाशिष्ठीवाटे समुद्रास मिळते. पण आसपासच्या कोरड्या वाड्यांना त्याचा पुरेसा लाभ झाला नाही.

मग यशाचे उदाहरण नाहीच काय? निश्चित आहे. कोकणच्या लोहमार्गाची मागणी किती तरी वर्षे कागदावर होती. अ. ब. वालावलकरांसारख्या कार्यकर्त्यांनी तिचा ध्यास घेतला, बॅ. नाथ पै आणि त्यांच्यानंतर प्रा. मधु दंडवते यांनी ती लोकसभेत जागती ठेविली. अखेर जॉर्ज फर्नांडिस रेल्वेमंत्री असताना सन १९९० मध्ये स्वतंत्र महामंडळ स्थापन झाले. त्यात रेल्वेचा वाटा ५१ टक्के, महाराष्ट्राचा २२, कर्नाटकाचा १५ आणि गोवा व केरळ यांचा प्रत्येकी ६ टक्के. उरलेला पैसा रोख्यांच्या द्वारे जनतेकडून उभारला. ई. श्रीधरन यांच्या देखरेखीखाली नव्वदाहून अधिक बोगदे खोदले गेले. त्यांपैकी करबुड्याचा साडेसहा किलोमीटर लांबीचा. २६ जानेवारी १९९८ रोजी संपूर्ण मार्ग खुला झाला. डोंगर तेच होते, पाऊस तोच होता. बदलले ते इतकेच की चार राज्यांनी आपापला वाटा पैशाने ठरविला, एक जबाबदार संस्था नेमली आणि तिला मुदत घालून दिली. याच्या उलट, मुंबई-गोवा महामार्गाच्या रुंदीकरणाचे सन २०११ च्या सुमारास सुरू झालेले काम एका तपाहून अधिक काळ रेंगाळले. या दोहोंतील अंतरात प्रांतिक कारभाराचा सारा धडा साठविलेला आहे.

दुसरे यश फळबागांचे. सन १९९० पासून राज्य सरकारने रोजगार हमीशी फळझाड लागवड जोडली आणि शेतकऱ्यास स्वतःच्याच जमिनीत आंबा-काजू लावण्यासाठी अनुदान दिले. दापोलीच्या कृषी विद्यापीठाचे मार्गदर्शन पाठीशी होतेच. ओसाड वरकस जमिनीवर हिरव्या बागा दिसू लागल्या.

आणि येथेच आपल्या समाजास विचारावयाचा प्रश्न उभा राहतो. या योजनेचा लाभ ज्यांना घेता आला नाही, त्यांत आपली कितीतरी घरे होती. कारण सातबारावर आजोबा-पणजोबांची नावे. वारस मुंबई, पुणे, बडोदे येथे पांगलेले. एका तुकड्यास वीस-पंचवीस सहहिस्सेदार आणि संमतीपत्रावर सह्या मिळविणे दुरापास्त. एकेकाळी मुंबईहून येणाऱ्या मनिऑर्डरीवर गाव चालत असे. सन १९८२ च्या गिरणीसंपानंतर तो आधारही खचला. पण परतून येणाऱ्यास जमीन होती, कागद नव्हता. हा अडसर सह्याद्रीने घातलेला नाही आणि सरकारनेही नाही. भाऊबंदकीत अबोला धरून आपणच तो जोपासला आहे. ज्या जमिनीचा धनी कागदावर दिसत नाही, तिला अनुदान मिळत नाही. आणि उद्या रस्त्यासाठी वा प्रकल्पासाठी ती गेली, तर मोबदलाही वारसांच्या तंट्यात अडकून पडतो.

सरकारकडे आपण मागावे ते स्पष्ट मागावे. कोकणची गणना स्वतंत्रपणे व्हावी, आणि प्रत्येक कामास वाटा, जबाबदार संस्था व मुदत ही तीन अंगे असावीत. परंतु मागणाऱ्याने आपले घरही नीट लावले पाहिजे. येत्या वर्षात आपल्या मंडळाने गावोगावच्या वारसनोंदींचे काम हाती घ्यावे, जाणत्या वकिलांनी व निवृत्त महसूल सेवकांनी त्यास चार दिवस द्यावेत आणि प्रत्येक कुटुंबाने गणपतीस वा शिमग्यास गावी जाताना वारसदाखल्याचे कागद सोबत न्यावेत, अशी आमची नम्र सूचना आहे. चरीच्या कुळांनी सहा वर्षे उपवास काढून जमिनीवरील हक्क मिळविला. तो हक्क नोंदवून ठेवण्यासाठी तलाठ्याच्या कचेरीपर्यंत जाण्याचे श्रम आपण घेऊ नयेत, हे आपल्या पूर्वजांस शोभणारे नाही आणि मुलांच्या हिताचे तर मुळीच नाही.