जहाजावरील चूल आणि तिची डागडुजी

नौकानयनाचा इतिहास लिहिणाऱ्यांनीं शिडें, होकायंत्र आणि तोफा यांचें वर्णन मोठ्या हौसेनें केलें आहे. परंतु ज्या चुलीवर खलाशांचें अन्न शिजलें, तिच्याकडे त्यांचें लक्ष क्वचितच गेलें. वास्तविक पाहतां लांकडी जहाजांत विस्तव बाळगणें म्हणजे आपल्याच घरांत शत्रूला आसरा देणें होय. डांबर, दोर, कापड आणि तोफेची दारू यांच्या संगतींत तो ठेवावयाचा, आणि तोहि हेलकावे खाणाऱ्या जमिनीवर! म्हणून जहाजावरील चूल कशी बांधली, ती मोडली तर कोणीं सांधली, आणि सांधतां न आली तर तिच्या जागीं काय आलें, हा प्रश्न केवळ पाकशास्त्राचा नाहीं. भर समुद्रांत जहाजावरील मंडळी आपली गरज आपल्या हातांनीं कितपत भागवूं शकत होती, याचें उत्तर त्यांत सांपडतें.

इंग्लंडचा राजा आठवा हेन्री याचें ‘मेरी रोज’ हें लढाऊ जहाज १५४५ सालीं बुडालें. त्याचा उरलेला सांगाडा १९८२ सालीं वर काढण्यांत आला. या जहाजाच्या अगदीं तळाशीं, तोल राखण्यासाठीं भरलेल्या वजनावर, विटांच्या चुली बांधलेल्या होत्या आणि त्यांवर मोठमोठ्या कढया बसविलेल्या होत्या. स्वीडनचें ‘वासा’ हें जहाज १६२८ सालीं पहिल्याच सफरींत स्टॉकहोमच्या बंदरांत बुडालें व १९६१ सालीं वर आलें. त्याचीहि विटांची चूल तळाशींच होती. अशा रचनेनें विटांचा भार खालीं राही. परंतु धूर मात्र सर्व जहाजभर फिरे. शिवाय लांकडी जहाजाचे सांधे लाटांबरोबर हालतात, आणि विटांस हालणें सोसत नाहीं. चुना सुटे, भेगा पडत. तथापि या दोषांत एक गुण होता. मोडलेली चूल सुधारण्यास गिलावा, विटा आणि दोन हात एवढ्यांवर भागत असे.

अठराव्या शतकाच्या उत्तरार्धांत विटांची जागा लोखंडानें घेतली. अलेक्झांडर ब्रोडी या स्कॉटिश लोहव्यवसायी गृहस्थाच्या चुली ब्रिटिश आरमारांत रूढ झाल्या. ट्रॅफल्गारच्या लढाईंत (१८०५) नेल्सननें वापरलेल्या ‘व्हिक्टरी’ जहाजावर त्याच पद्धतीची चूल होती. तीवर शिजविणें, भाजणें आणि भट्टींत पाव करणें या तिन्ही गोष्टी साधत. लढाईची तयारी सुरू होतांच पहिली आज्ञा विस्तव विझविण्याची असे. तेव्हां शेंकडों माणसांनीं थंड अन्नावर राहावें हें ओघानेंच आलें. लोखंडी चुलीची झीज जहाजावरचा लोहार पुष्कळ अंशीं भरून काढी. परंतु मोठा पत्रा तडकला तर बंदर गांठणें भाग पडे. येथूनच दुरुस्तीची सूत्रें जहाजावरून किनाऱ्याकडे सरकूं लागलीं.

आपल्या किनाऱ्यावरील मचवे आणि पडाव यांवर मात्र जुनी, साधी रीत दीर्घकाळ टिकली. लांकडी खोक्यांत माती किंवा वाळू भरावी, तीवर चूल मांडावी, आणि वारा सुटला तर विस्तव झाकावा, एवढाच तिचा थाट. पुढें आगबोटींचा काल आला. इंग्रजी कंपन्यांच्या बोटींवर रत्नागिरीकडील पुष्कळ खलाशी होते. साहेबांच्या भोजनगृहांतील वाढपी आणि आचारी बहुधा गोव्याचे असत, आणि खलाशांचा स्वैपाक करणाऱ्यास भंडारी म्हणत. आपल्या लोकांचा जहाजावरील चुलीशीं संबंध असा पिढ्यानपिढ्यांचा आहे.

आतां विस्तवावांचून अन्न तापविणाऱ्या यंत्राकडे वळूं. मायक्रोवेव्ह भट्टीचें हृदय म्हणजे मॅग्नेट्रॉन. १९४० सालच्या फेब्रुवारींत बर्मिंगहॅम विद्यापीठांत जॉन रँडॉल आणि हॅरी बूट यांनीं त्याचें एक नवें व समर्थ रूप सिद्ध केलें. हेतु अर्थातच शत्रूचीं विमानें व पाणबुड्या हुडकण्याचा. त्याच वर्षीं ऑगस्टच्या अखेरीस ‘डचेस ऑफ रिचमंड’ या बोटीनें हें उपकरण एका पेटींतून अटलांटिकपार नेण्यांत आलें. पुढें ज्यानें जहाजांच्या मुदपाकखान्यांत जागा मिळविली, त्या यंत्राच्या मूळ बीजानें समुद्र ओलांडला तो असा! अमेरिकेंतील रेथिऑन कंपनींतील पर्सी स्पेन्सर यास चालू मॅग्नेट्रॉनपाशीं उभें असतां खिशांतील गोड वडी वितळल्याचें आढळलें, आणि १९४५ सालीं त्यानें अन्न शिजविण्याच्या या रीतीच्या पेटंटसाठीं अर्ज केला. १९४७ च्या सुमारास विक्रीस आलेलें ‘रडारेंज’ माणसाएवढें उंच, सुमारें ३४० किलो वजनाचें आणि पाण्यानें थंड ठेवावें लागणारें होतें. अणुशक्तीवर चालणाऱ्या ‘सॅव्हाना’ या अमेरिकन व्यापारी जहाजाचें जलावतरण १९५९ सालीं झालें. त्याच्या मुदपाकखान्यांत १९६१ च्या सुमारास असें एक यंत्र बसविण्यांत आलें. पुढें १९६७ सालीं ४९५ डॉलरांस मिळणारी, टेबलावर राहणारी भट्टी निघाली, आणि तेथून ती लहान नौकांवरहि पोहोंचली.

विस्तव नाहीं, धूर नाहीं, कढई उलथण्याचें भय कमी: खलाशानें शतकानुशतकें जें मागितलें तें या यंत्रानें दिलें. परंतु तें बिघडलें म्हणजे काय करावें? समुद्रावरील खारी हवा आंतील रंगाखालीं शिरून पत्रा गंजविते. मग ठिणग्या उडतात. दाराच्या बिजागऱ्या गंजल्या तर दार नीट मिटत नाहीं, आणि दार न मिटणें हें या यंत्रांत सर्वांत धोक्याचें. पुष्कळदां दोष यंत्राचा नसून वीजपुरवठ्याचा असतो. अन्नास ७०० वॉट उष्णता देणारी भट्टी स्वतः हजार-बाराशें वॉट वीज घेते. तितकी बारा व्होल्टच्या बॅटरीवरून मिळवावयाची तर प्रवाह शंभर अँपिअरच्या घरांत जातो. तारा बारीक असल्या, किंवा बॅटरीची वीज बदलून देणारें यंत्र हलक्या प्रतीचें असलें, तर भट्टी नुसती गुणगुणते आणि अन्न थंडच राहतें. म्हणून जाणता नौकापति प्रथम तारा, जोड आणि फ्यूज तपासतो. एवढें त्याच्या हातचें आहे.

यापुढें मात्र हात आंखडावा लागतो. मॅग्नेट्रॉनला हजारों व्होल्टचा दाब लागतो. तो पुरविणाऱ्या मंडलांतील कपॅसिटर वीज तोडल्यावरहि प्राणघातक भार सांठवून ठेवूं शकतो. जुन्या चुलीनें बोट भाजे. येथें अजाण हात लावणाराचा जीव जाऊं शकतो. तज्ज्ञ गांठावा तर मॅग्नेट्रॉन बदलण्याचा खर्च नव्या भट्टीच्या किंमतीजवळ जातो. मग नवी आणावी, तर जुनीच्या मापानें कोरलेल्या कपाटांत ती बसत नाहीं. कपाट कापावें, मागें हवा खेळण्यास जागा सोडावी, आणि लाटेनें ती निसटूं नये म्हणून घट्ट बांधावी लागते. म्हणजे गवंडी आणि लोहार यांचें काम संपलें, आणि सुताराचें तेवढें उरलें!

यावरून नव्या यंत्राची निंदा करणें योग्य होणार नाहीं. ज्या विस्तवानें कित्येक जहाजें जाळलीं, त्याचें भय यानें कमी केलें, हा उपकार लहान नव्हे. परंतु सोय वाढली त्या प्रमाणांत दुरुस्तीचें ज्ञान जहाजावरून निघून किनाऱ्यावरच्या कारखान्यांत गेलें, हेंहि तितकेंच खरें. किनाऱ्यावरच्या गृहस्थास हा बदल जाणवत नाहीं, कारण दुकान हांकेच्या अंतरावर असतें. भर समुद्रांतल्या माणसास तो पहिल्याच उपाशी रात्रीं कळतो. म्हणूनच अनुभवी नौकावाले या भट्टीशेजारीं गॅसची किंवा रॉकेलची एक साधी शेगडीहि ठेवतात, आणि तिचे सुटे भाग एका डब्यांत जपतात. मचव्यावरील भंडाऱ्यास हा शहाणपणा कोणास विचारावा लागला नसता. त्याची चूल मोडली तर ती पुन्हां मांडण्यापुरती माती त्याच्याजवळ असेच.