रुग्णवाहिकेतील दूरवैद्यक

रुग्णवाहिकेतील दूरवैद्यक म्हणजे घटनास्थळी किंवा वाटेत असलेल्या रुग्णवाहिकेतील कर्मचाऱ्यांना दूर बसलेल्या डॉक्टराने दूरध्वनी, ईसीजीचा आलेख, छायाचित्र किंवा थेट चलचित्र यांच्या आधारे उपचारांचे मार्गदर्शन करण्याची पद्धत होय. तिला रुग्णवाहिका टेलिमेडिसिन असेही म्हणतात. रुग्णाला घरबसल्या सल्ला देणाऱ्या 'ई-संजीवनी'सारख्या सेवांपेक्षा ती वेगळी आहे. येथे सल्ला घेणारी व्यक्ती स्वतः प्रशिक्षित असते, रुग्ण तिच्या हाताखाली असतो आणि निर्णयासाठी बहुधा काही मिनिटेच उपलब्ध असतात. कोणते औषध आताच द्यावे आणि रुग्णाला कोणत्या रुग्णालयात न्यावे, हे या पद्धतीतील दोन मुख्य प्रश्न आहेत. जिल्ह्याच्या ठिकाणापासून दूर असलेल्या गावांत दुसरा प्रश्न पहिल्याइतकाच महत्त्वाचा ठरतो.

पूर्वेतिहास

नेदरलँड्समधील शरीरक्रियाशास्त्रज्ञ विलेम आइंटहोवेन यांनी १९०५ मध्ये लायडन येथील रुग्णालयातील रुग्णांच्या हृदयाचे विद्युत्-संकेत दूरध्वनीच्या तारेतून सुमारे दीड किलोमीटरवरील आपल्या प्रयोगशाळेत नोंदवले. चालत्या वाहनातून असे संकेत पाठवणे मात्र रेडिओ-उपकरणे सुटसुटीत झाल्यावरच शक्य झाले. फ्रँक पँट्रिज यांनी १९६६ मध्ये उत्तर आयर्लंडमधील बेलफास्ट येथे हृदयविकारासाठी फिरते पथक सुरू केले. त्यात डॉक्टर स्वतः वाहनातून रुग्णाकडे जात असे. अमेरिकेतील मायामी येथे यूजीन नेगल यांनी उलट मार्ग धरला. त्यांनी १९६७ च्या सुमारास अग्निशमन दलाच्या जवानांना प्रशिक्षण दिले आणि त्यांनी रेडिओवरून पाठवलेला ईसीजी रुग्णालयातील डॉक्टर पाहू लागले. डॉक्टर गाडीत असावा की गाडीने डॉक्टरशी बोलावे, हा या दोन प्रयोगांतील भेद आजही आपत्कालीन सेवांच्या रचनेत दिसतो.

जर्मनीत रुग्णवाहिकेच्या मदतीला डॉक्टर पाठवण्याची परंपरा जुनी आहे. तेथील आखेन शहरात २०१४ पासून 'टेलेनोटार्झ्ट', म्हणजे दूरस्थ आपत्कालीन डॉक्टर, ही सेवा नियमित सुरू आहे. तिच्यावरील तीन हजारांहून अधिक रुग्णांच्या यादृच्छिक चाचणीचे निष्कर्ष २०२३ मध्ये प्रसिद्ध झाले. दूरस्थ डॉक्टरच्या देखरेखीखाली झालेले उपचार सुरक्षिततेच्या दृष्टीने प्रत्यक्ष डॉक्टरच्या उपचारांपेक्षा कमी प्रतीचे नसल्याचे त्यात आढळले. मात्र जिवाला तत्काळ धोका असलेले रुग्ण या चाचणीतून वगळले होते. त्यामुळे तिचा निष्कर्ष सरसकट सर्व रुग्णांना लावता येत नाही.

भारत आणि महाराष्ट्र

भारतात '१०८' क्रमांकाची सेवा १५ ऑगस्ट २००५ रोजी हैदराबादमध्ये सुरू झाली. या प्रारूपात गाडीवर डॉक्टर नसतो. आपत्कालीन वैद्यकीय तंत्रज्ञ रुग्णाला हाताळतो आणि नियंत्रण कक्षातील डॉक्टर त्याला दूरध्वनीवरून सूचना देतो. दूरवैद्यक हे नाव न घेता चालणारे हे दूरवैद्यकच होय.

महाराष्ट्राने वेगळी रचना स्वीकारली. २६ जानेवारी २०१४ रोजी सुरू झालेल्या महाराष्ट्र आपत्कालीन वैद्यकीय सेवेत ९३७ रुग्णवाहिका होत्या. त्यांपैकी २३३ प्रगत जीवरक्षक, तर ७०४ मूलभूत जीवरक्षक प्रकारच्या होत्या. नियंत्रण कक्ष पुण्यातील औंध येथे उभारण्यात आला. प्रत्येक रुग्णवाहिकेवर डॉक्टर नेमण्यात आला. हे डॉक्टर प्रामुख्याने आयुर्वेद, होमिओपॅथी किंवा युनानी शाखेचे पदवीधर असून त्यांना आपत्कालीन उपचारांचे स्वतंत्र प्रशिक्षण दिले जाते. त्यामुळे येथील दूरवैद्यक मुख्यतः डॉक्टर ते डॉक्टर या स्वरूपाचे आहे. गाडीतील डॉक्टर नाडी, श्वास, रक्तदाब स्वतः पाहतो. त्याला हवा असतो तो हृदयरोगतज्ज्ञाचा, भूलतज्ज्ञाचा किंवा प्रसूतितज्ज्ञाचा नेमका सल्ला. गरोदर माता व बालकांसाठी असलेल्या '१०२' क्रमांकाच्या रुग्णवाहिकेत बहुधा केवळ चालक असतो, त्यामुळे ही तजवीज तेथे जवळजवळ निरुपयोगी ठरते.

कुंभार पिंपळगाव परिसराचे उदाहरण

कुंभार पिंपळगाव हे जालना जिल्ह्याच्या दक्षिण भागातील घनसावंगी तालुक्यातील गाव आहे. तालुक्याच्या दक्षिण सीमेवरून गोदावरी वाहते. पलीकडे बीड जिल्हा आहे. ग्रामीण रुग्णालय घनसावंगी येथे, जिल्हा सामान्य रुग्णालय जालना शहरात, तर 'घाटी' या नावाने परिचित असलेले शासकीय वैद्यकीय महाविद्यालय व रुग्णालय जालन्याच्याही पुढे सुमारे ६० किलोमीटरवर छत्रपती संभाजीनगर येथे आहे. जालना येथील शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाला २०२४ मध्ये मान्यता मिळाली. म्हणजे या परिसरातील गंभीर रुग्णापुढे उपचारांच्या तीन पायऱ्या आहेत आणि चुकीच्या पायरीवर थांबल्यास पुढचा प्रवास नव्याने सुरू होतो. पहिल्या रुग्णालयातून दुसऱ्याकडे, तेथून तिसऱ्याकडे 'रेफर' होत जाण्यात तास निघून जातात, हा मराठवाड्यातील सर्वपरिचित अनुभव आहे.

हृदयविकाराच्या झटक्यात हे गणित अगदी स्पष्ट मांडता येते. हृदयाची रक्तवाहिनी पूर्ण बंद झाल्यास ती फुग्याच्या साहाय्याने उघडणे, म्हणजे अँजिओप्लास्टी, हा उत्तम उपचार होय. परंतु निदानानंतर १२० मिनिटांच्या आत तो शक्य नसेल, तर गुठळी विरघळवणारे औषध आधी देऊन मग रुग्णाला पुढे हलवावे, असे आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक सूत्र सांगते. शेतवस्तीवरून किंवा आखाड्यावरून रुग्णाला डांबरी रस्त्यापर्यंत आणणे, गाडीत घेणे, जालना गाठणे आणि तेथे कॅथलॅब सज्ज होणे यांची बेरीज केली, तर ही मर्यादा सहज ओलांडली जाते. गाडीतील डॉक्टरने काढलेला बारा लीडचा ईसीजी तज्ज्ञाने पाहून झटक्याचा प्रकार निश्चित केला, तर औषध जवळच्या रुग्णालयात तयार ठेवता येते आणि रुग्ण पोहोचताच देता येते. तमिळनाडूमध्ये अशा 'केंद्र व आरे' पद्धतीचा अभ्यास २४२० रुग्णांवर झाला. लहान रुग्णालये, १०८ रुग्णवाहिका आणि कॅथलॅब असलेली मोठी केंद्रे ईसीजीच्या देवाणघेवाणीने जोडल्यानंतर एका वर्षातील मृत्युप्रमाण १७.६ टक्क्यांवरून १४.२ टक्क्यांवर आले. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेने २०१९ मध्ये दिल्लीत 'मिशन दिल्ली' या प्रकल्पात दुचाकीवरील परिचारकांमार्फत हेच काम रुग्णाच्या घरापर्यंत नेले.

पक्षाघातात मात्र अपेक्षा मर्यादित ठेवाव्या लागतात. मेंदूत गुठळी अडकली आहे की रक्तस्राव झाला आहे, हे सीटी स्कॅनशिवाय कळत नाही. एका प्रकारात जीव वाचवणारे औषध दुसऱ्या प्रकारात घातक ठरते. जर्मनीतील होम्बुर्ग येथे २००८ पासून सीटी यंत्र बसवलेली रुग्णवाहिका वापरली गेली. परंतु तिचा खर्च पाहता ती ग्रामीण महाराष्ट्रासाठी नजीकचा पर्याय नाही. येथे दूरस्थ डॉक्टर तीन गोष्टी करून घेऊ शकतो: रुग्ण शेवटचा ठणठणीत केव्हा दिसला होता याची वेळ नातेवाइकांकडून नोंदवून घेणे, रक्तातील साखर तपासणे आणि सीटी यंत्र सुरू असलेल्या रुग्णालयाला आगाऊ कळवणे. गुठळी विरघळवण्याच्या औषधाची मुदत साडेचार तासांची असल्याने पहिली नोंद निर्णायक ठरते.

शेतीप्रधान भागात विषबाधा व दंश यांचे रुग्ण नेहमीचे असतात. कापसावर फवारणी करताना किंवा आत्महत्येच्या प्रयत्नात सेंद्रिय फॉस्फरसयुक्त कीटकनाशक शरीरात गेल्यास ॲट्रोपिन हे औषध लागते. त्याची मात्रा ठरावीक नसते. छातीतील स्राव कमी होऊन श्वास मोकळा होईपर्यंत ती थोड्याथोड्या वेळाने वाढवावी लागते. नवख्या डॉक्टरला एवढी मात्रा देण्याचे धाडस होत नाही, तेथे फोनवरील अनुभवी आवाज उपयोगी पडतो. डब्याच्या लेबलाचे छायाचित्र पाठवल्यास विषाचा प्रकारही कळतो. लेबलावरील लाल, पिवळ्या, निळ्या किंवा हिरव्या त्रिकोणावरून त्याची तीव्रता ओळखता येते.

नाग, मण्यार, घोणस व फुरसे यांच्या दंशावर एकच बहुगुणी प्रतिसर्पविष वापरले जाते आणि ते अनेक प्राथमिक आरोग्य केंद्रांत उपलब्ध असते. सुरुवातीची मात्रा साधारणतः ८ ते १० कुप्यांची असते. विषबाधेची लक्षणे दिसत असताना केवळ 'मोठे हॉस्पिटल' म्हणून आरोग्य केंद्र ओलांडून जाणे ही घोडचूक ठरू शकते, आणि ती टाळणे हे दूरस्थ डॉक्टरचे काम होय. विंचूदंशावरील प्राझोसिन उपचारांसाठी प्रसिद्ध असलेले डॉ. हिंमतराव बावस्कर हे मूळचे जालना जिल्ह्यातीलच. त्यांची कर्मभूमी कोकणातील महाड ही होती. तोंडावाटे देता येणारे हे औषध लाल विंचवाच्या दंशात लवकर दिल्यास हृदयावरील दुष्परिणाम टळतात. म्हणून दूरस्थ सूचनेवरून द्यावयाच्या औषधांत ते सोयीचे आहे.

कार्यपद्धती आणि तांत्रिक मर्यादा

चलचित्र संवाद हे या पद्धतीचे आकर्षक रूप असले, तरी प्रत्यक्षात सर्वाधिक काम आवाजावर चालते. ईसीजी हा एका छायाचित्राएवढा असतो. नेटवर्क तुटल्यास तो गाडीतील यंत्रात साठून राहतो आणि संपर्क मिळताच पुढे जातो. चलचित्राला अखंड जोडणी लागते. नदीकाठच्या गावांत आणि ऊसतोड मजुरांच्या कोप्यांवर ती दर वेळी मिळेलच असे नाही. म्हणून चांगल्या योजनेत संपर्क नसताना गाडीतील डॉक्टरने स्वतःहून काय करावे, याची लेखी सूत्रे आधीच दिलेली असतात. दूरवैद्यक हे या सूत्रांना पर्याय नाही, त्यांना जोड आहे. सल्ल्यासाठी घटनास्थळी थांबून राहणे हा त्यातील नेहमीचा दोष होय. रक्तस्राव होत असलेल्या अपघातग्रस्ताबाबत संभाषण गाडी चालू असतानाच व्हावे लागते.

कायदेशीर बाजू

२५ मार्च २०२० रोजी जाहीर झालेल्या केंद्रीय टेलिमेडिसिन मार्गदर्शक तत्त्वांनुसार, प्रत्यक्ष उपचार उपलब्ध असताना आपत्कालीन रुग्णासाठी दूरवैद्यकावर अवलंबून राहू नये. प्रत्यक्ष उपचार उपलब्ध नसल्यास दूरस्थ सल्ला प्रथमोपचार, जीवरक्षक उपाय आणि पुढे कोठे न्यावे यापुरता ठेवावा. एका डॉक्टरने दुसऱ्याचा सल्ला घेतला तरी उपचारांची जबाबदारी सल्ला घेणाऱ्यावरच राहते. म्हणजे पुण्यातील किंवा जालन्यातील तज्ज्ञाने सांगितलेले औषध गाडीतील डॉक्टर आपल्या जबाबदारीवर देतो. हे तत्त्व रुग्णहिताचे असले, तरी प्रत्यक्ष गाडीत बसलेल्या तरुण डॉक्टरला सावध, कधी कधी अतिसावध करणारेही आहे. मॉर्फिनसारखी अमली पदार्थ कायद्याखालील औषधे दूरस्थ पद्धतीने लिहून देण्यास मनाई आहे, त्यामुळे गंभीर भाजलेल्या किंवा हाड मोडलेल्या रुग्णाच्या वेदनाशमनात अडचण येते. संभाषणाची वेळ, दिलेला सल्ला आणि पाठवलेले आलेख यांची नोंद ठेवणे बंधनकारक असून, रुग्णालयात रुग्ण सोपवताना ती नोंद सोबत दिली गेल्यास तपासण्या पुन्हा कराव्या लागत नाहीत.