सागरमाळावरच्या रसायनशास्त्राचं मूळ

शिवाजी विद्यापीठाच्या रसायनशास्त्र अधिविभागाचा मागोवा घ्यायचा तर विद्यापीठाच्या स्थापनेच्याही मागे जावं लागतं. त्याची एक मुळी राजाराम कॉलेजात आहे आणि दुसरी, माझ्या मते अधिक खोल गेलेली, पंचगंगाकाठच्या गुऱ्हाळांत.

कोल्हापूरचे राजाराम महाराज 1870 मध्ये युरोपच्या प्रवासात फ्लॉरेन्सला वारले, तेव्हा ते जेमतेम विशीचे होते. त्यांच्या नावाचं कॉलेज 1880 मध्ये सुरू झालं. गोपाळ कृष्ण गोखले काही काळ इथेच शिकले. कॉलेज संस्थानाचं असलं तरी परीक्षा मुंबई विद्यापीठाची आणि 1949 नंतर पुण्याची. पदवी पदरात पडली की पुढच्या शिक्षणासाठी बहुतेकांना घर सोडावं लागे. ज्या घरात ते झेपत नव्हतं, तिथे विज्ञान बी.एस्सी.लाच थांबायचं. राजारामचे प्राचार्य डॉ. बाळकृष्ण यांनी शिवछत्रपतींच्या नावाने कोल्हापुरात विद्यापीठ व्हावं असा ध्यास घेतला होता. ते 1940 मध्ये गेले. राष्ट्रपती राधाकृष्णन यांच्या हस्ते विद्यापीठाचं उद्घाटन झालं ते 18 नोव्हेंबर 1962 ला. पहिले कुलगुरू आप्पासाहेब पवार इतिहासाचे, ताराबाईकालीन कागदपत्रांचे संपादक. तरी विद्यापीठ जिथे वसलं त्या सागरमाळाच्या उघड्या माळावर विज्ञानाचे अधिविभागही उभे राहिले. एम.एस्सी. एस.टी.च्या पासावर करता येईल इतकी जवळ आली.

आता गुऱ्हाळ. उसाचा रस मुळात आंबूस असतो. तसाच आटवला तर साखरेचा काही भाग तुटून ग्लुकोज आणि फ्रुक्टोज होतो, आणि ढेप घट्ट बसत नाही, पाघळते. म्हणून काहिलीत चुन्याची निवळी पडते, आंबटपणा उतरतो. रानभेंडीचा चिकट रस घातला की गाळ त्याला धरून वर येतो आणि मळी म्हणून झाऱ्याने काढली जाते. पाक उतरवायची वेळ आली की गुळव्या चिमूटभर पाक पाण्यात टाकून गोळी बघतो. थर्मामीटरही नाही, पीएच मीटरही नाही. पण आम्लता, साखरेचं विघटन, गाळ धरणं हे एम.एस्सी.च्या वर्गात शिकवले जाणारे तिन्ही धडे त्या एका काहिलीत आहेत. शाहू महाराजांनी 1895 मध्ये वसवलेल्या शाहूपुरीने या गुळाला पेठ दिली. 2014 मध्ये कोल्हापुरी गुळाला भौगोलिक मानांकन मिळालं.

अधिविभागातल्या शाखा सेंद्रिय, असेंद्रिय, भौतिक आणि विश्लेषणात्मक, म्हणजे देशभर असतात त्याच. पुढे उपयोजित आणि औद्योगिक रसायनशास्त्राची भर पडली. साखर कारखाने, फाउंड्री, इचलकरंजीची कापडप्रक्रिया, हुपरीची चांदी एवढा पसारा भोवती असताना ती पडणारच होती. जुन्या विद्यार्थ्यांना अजून किप्सच्या उपकरणातून येणारा हायड्रोजन सल्फाइडचा कुजक्या अंड्यांसारखा वास आठवतो. क्षारांच्या विश्लेषणाचा दिवस असला की तो कपड्यांना चिकटून घरापर्यंत यायचा. नोकरी सांभाळून एम.फिल. करणारी प्राध्यापकांची एक अख्खी पिढी होती. नव्या शैक्षणिक धोरणानंतर एम.फिल. बंद झालं आणि तो दुवा निखळला.

मला यात सर्वांत मोलाची वाटते ती विश्लेषणाची शाखा. गूळ पिवळाधमक दिसावा म्हणून काहिलीत हायड्रॉस नावाचं रसायन टाकतात, त्याचा गंधकी अंश ढेपेत किती उरला हे डोळ्यांना दिसत नाही, तपासावंच लागतं. पंचगंगेच्या पाण्याचंही तेच. एम.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला प्रकल्पाचा विषय शोधणाऱ्या मुलामुलींना माझं सांगणं आहे: हंगाम सुरू झाला की आपल्या गावच्या गुऱ्हाळावर जा, नमुना बाटलीत घ्या, आणि आलेला आकडा गुळव्याला जाऊन सांगा.