गाभोळीतला इतिहास

मी करकंबचा. आमच्या पंढरपूर तालुक्याची भीमा उजनीतून येते. जलप्रदूषणाचा कायदा १९७४ सालचा, उजनी धरण पुरे झाले १९८० साली. तरी पुणे-पिंपरीचे सांडपाणी मुळा-मुठेतून भीमेत येतच राहिले. मासे मेले की बातमी होते. पण कारखान्यांच्या पाण्यातून येणारे पारा, कॅडमियम, शिसे हे जड धातू मासा जिवंत ठेवूनही त्याचा वंश खुंटवू शकतात. अंड्यात बलक नीट भरत नाही, नराचे बीज मंदावते, पिल्ले वाकडी निपजतात. धातू कुजत नाहीत. गाळात साठतात, माशातून ताटात येतात. जपानात मिनामाटाचा पारा १९५९ साली उघड झाला, तो माणसे आजारी पडल्यावर. आपण तोवर थांबायचे का? मेलेले मासे मोजून भागणार नाही; गाळ आणि गाभोळी दरवर्षी तपासायला हवी.