रॅपिड प्रोटोटायपिंग म्हणजे काय? ॲपचा कागदी नमुना बांधावर का न्यायचा?

ॲपचं कोडिंग सुरू होण्याआधी स्क्रीनचा कच्चा नमुना झटपट बनवायचा, तो वापरणाऱ्याच्या हातात द्यायचा आणि तो जिथे अडखळेल तिथे लगेच बदल करायचा. डिझाइन टीमच्या या पद्धतीला रॅपिड प्रोटोटायपिंग म्हणतात. सुरुवातीला कागद-पेन पुरतं. पुढे फिग्मासारख्या सॉफ्टवेअरमध्ये बटणं दाबता येणाऱ्या स्क्रीन बनवतात, पण त्यांच्यामागे खरी यंत्रणा नसते.

याची गरज किती, ते उसाच्या पट्ट्यात चटकन कळतं. बारामतीच्या ॲग्रिकल्चरल डेव्हलपमेंट ट्रस्टने मायक्रोसॉफ्ट आणि ऑक्सफर्ड विद्यापीठाच्या साथीने ऊसशेतीत एआयचा प्रयोग केला. उपग्रह, हवामान केंद्र आणि जमिनीतले सेन्सर यांच्या माहितीवरून शेतकऱ्याला मोबाइलवर सल्ला मिळतो. २०२५ च्या सुरुवातीला सत्या नाडेला यांनी त्याचं कौतुक केलं, तेव्हा बारामतीचं नाव जगभर गेलं. पण एवढं सगळं तंत्रज्ञान शेतकऱ्यापर्यंत पोचतं ते एका छोट्या स्क्रीनवरूनच.

समजा, अशा एखाद्या ॲपच्या नमुन्यात लिहिलंय, ‘आज १० मिलिमीटर पाणी द्या’. सल्ला शास्त्रीयदृष्ट्या बरोबर असेल. पण ठिबकवाला विचारणार, मोटर किती तास चालवू? शेतीची लाईट रात्री येणार असेल तर सकाळची सूचना काय कामाची? इंदापूरकडे नीरा डाव्या कालव्याच्या आवर्तनावर ऊस जगवणाऱ्याच्या हातात तर ‘आज’ नसतोच. शिवाय क्षेत्र हेक्टरमध्ये दाखवलं, की एकर-गुंठ्यांत बोलणारा माणूस तिथेच थांबतो.

कागदावर हे पाच मिनिटांत बदलता येतं. आडसाली ऊस मात्र १६ ते १८ महिने शेतात उभा असतो. ॲप वाटून झाल्यावर घोळ कळला, तर ते पीक काही पुन्हा लावता येत नाही.

बोलून चालणाऱ्या ॲपचाही नमुना करता येतो. आयबीएमच्या संशोधकांनी १९८० च्या दशकात ‘ऐकणारा टाइपरायटर’ असाच तपासला: माणूस बोलायचा, दुसऱ्या खोलीतला टायपिस्ट टाइप करायचा आणि अक्षरं स्क्रीनवर उमटायची.

किती जणांना दाखवायचं? याकोब नील्सन यांच्या मते पाच जणांतच बहुतेक अडचणी समोर येतात. मात्र पाचही जण बारामतीचे ठिबकवाले निघाले, तर इंदापूरच्या पाटपाण्याची अडचण नमुन्यात दिसणारच नाही.