नागा मदर्स असोसिएशन : जंगलातल्या तळांपासून नगर परिषदेपर्यंत

26 जून 2024 रोजी नागालँडमधल्या शहरांत नगरपालिकांसाठी मतदान झाले. त्याआधीचे मतदान 2004 सालचे. त्या सभागृहांची मुदत संपल्यानंतरची सगळी वर्षे शहरांचा कारभार सरकारी अधिकाऱ्यांनी हाकला, कारण एक तृतीयांश जागा स्त्रियांना द्यायच्या की नाहीत, या प्रश्नावर राज्य अडून बसले होते. अखेर तीन नगर परिषदा आणि एकवीस टाउन कौन्सिले मिळून 278 जागा भरल्या गेल्या आणि त्यांतल्या शंभराहून अधिक जागांवर स्त्रिया निवडून आल्या. सर्वोच्च न्यायालयाला याचे श्रेय द्यायलाच हवे. पण न्यायालयाचा आदेश निघाला म्हणून उमेदवार आपोआप तयार होत नाहीत. दोनशेच्या आसपास स्त्रिया रिंगणात उतरल्या, त्यामागे चाळीस वर्षांची मेहनत होती, आणि तिच्यात मोठा वाटा नागा मदर्स असोसिएशनचा आहे.

ही संघटना स्थापन झाली 1984 साली, कोहिमात. सानो वामुझो पहिल्या अध्यक्ष. नेईदोनुओ अंगामी यांचे नाव सुरुवातीपासून संघटनेशी जोडलेले. दोघींनाही पुढे पद्मश्री मिळाली, नेईदोनुओंना 2000 साली आणि सानोंना 2024 साली. त्या वेळचे नागालँड डोळ्यांपुढे आणले पाहिजे. राज्य 1963 साली झाले होते, पण नागांच्या स्वातंत्र्यासाठी त्याआधीपासून चाललेला सशस्त्र संघर्ष थांबलेला नव्हता. सैन्याला विशेषाधिकार देणारा 1958चा कायदा लागू होता. केंद्राशी झालेल्या 1975च्या शिलाँग करारावरून भूमिगत बंडखोरांमध्ये फूट पडली, 1980 साली एनएससीएन ही बंडखोर संघटना उभी राहिली आणि 1988 साली तीही दुभंगली. त्यानंतर नागा तरुण सैन्याच्या गोळीने जसा मरत होता, तसाच दुसऱ्या नागा तरुणाच्या गोळीनेही मरू लागला.

संघटनेने हात घातला तो मात्र घरातल्या दुखण्याला. दारू होतीच, त्यात म्यानमारच्या सीमेवरून हेरॉईन येऊ लागले. पोरे सुया टोचून घेऊ लागली आणि त्यामागोमाग एचआयव्ही आला. त्या काळात या आजाराचे नाव घरात उच्चारायलाही लोक धजत नसत. कोहिमात संघटनेने ‘माउंट गिलियड होम’ हे व्यसनमुक्ती केंद्र काढले, एचआयव्हीबाधितांची शुश्रूषा सुरू केली. दारूबंदीसाठी चर्च आणि स्त्रिया एकत्र आल्या आणि 1989 साली राज्याने संपूर्ण दारूबंदीचा कायदा केला. त्या कायद्याचे पुढे काय झाले, चोरट्या दारूने किती हात ओले केले, हा वेगळा विषय आहे. मला महत्त्वाचे वाटते ते असे की, मंत्र्याच्या दारात निवेदन घेऊन जाणे, केंद्राचा हिशेब ठेवणे, पोलिसांशी बोलणे, जमातीजमातींच्या स्त्रियांना एका बैठकीला बसवणे ही सगळी कामे संघटनेच्या स्त्रिया या काळात करत होत्या. सार्वजनिक कामाचे शिक्षण म्हणतात ते याहून वेगळे काय असते? त्यासाठी वेगळा वर्ग भरवला नव्हता, प्रमाणपत्र तर नव्हतेच.

संघटनेची बांधणीही समजून घेण्यासारखी आहे. नागा समाज एकसंध नाही. अंगामी, आओ, सुमी, लोथा, चाखेसांग, कोन्याक अशा अनेक जमाती, प्रत्येकीची भाषा निराळी, आणि जुन्या वैरांच्या आठवणीही ज्याच्या त्याच्या. प्रत्येक जमातीच्या स्त्रियांचे आपापले मंडळ असते: आओंचे वात्सू मुंगदांग, सुमींचे तोतिमी होहो, लोथांचे एलोए होहो. या मंडळांना एका छत्राखाली आणणे हे नागा मदर्सचे पहिले मोठे यश. सदस्य होण्यासाठी आई असण्याची अट नाही. कोणतीही प्रौढ नागा स्त्री येऊ शकते.

1994 साली संघटनेने शांततेसाठी आपले पथक उभे केले आणि मोहीम पुकारली: आता आणखी रक्त नको. वेळ अशी होती की बोलणाऱ्याला दोन्हीकडून धोका. 5 मार्च 1995 रोजी कोहिमातून जाणाऱ्या राष्ट्रीय रायफल्सच्या ताफ्यातल्या एका गाडीचे टायर फुटले. तो आवाज हल्ल्याचा समजून जवानांनी भर शहरात गोळीबार केला. सात नागरिक मेले. अशा शहरात एकाच वेळी सैन्यालाही आणि भूमिगतांनाही ‘पुरे करा’ म्हणणे सोपे नव्हते.

या मोहिमेतली एक गोष्ट मला पुन्हा पुन्हा आठवते. गटागटांच्या चकमकीत मेलेल्या एखाद्या तरुणाचे प्रेत बेवारस पडलेले असे. नातेवाईक भीतीने पुढे येत नसत, कारण ओळख पटली की घरच्यांवर संशय. अशा वेळी संघटनेच्या स्त्रिया तिथे जात. नागा समाजात शाल म्हणजे माणसाची ओळख. तिच्या पट्ट्यांवरून आणि रंगांवरून जमात कळते, मान कळतो, आणि अंत्यविधीला शाल पांघरणे हा मृताचा सन्मान. या स्त्रिया त्या अनोळखी देहावर शाल पांघरत, प्रार्थना म्हणत. तो कोणत्या गटाचा होता, हे त्या पाहत नसत. दोन्ही गटांना ही गोष्ट खाली मान घालून पाहावी लागे.

मग या स्त्रिया भूमिगतांच्या तळांपर्यंत गेल्या. जंगलातून पायी चालत, भूमिगत नेत्यांना त्यांच्याच ठिकाणी भेटत, एका गटाचा निरोप दुसऱ्याकडे नेत. 1 ऑगस्ट 1997 रोजी केंद्र सरकार आणि एनएससीएनच्या आयझॅक-मुईवा गटात शस्त्रसंधी लागू झाली. तिचे श्रेय एकट्या स्त्रियांना देणे बरोबर होणार नाही. चर्च होते, नागा होहो ही जमातींची शिखर संघटना होती, विद्यार्थी संघटना होती आणि थकलेली जनता होती. पण समोरासमोर बसायला तयार नसलेल्या माणसांकडे ज्यांना जाता येत होते, अशांमध्ये या स्त्रिया होत्या. शस्त्रसंधीनंतर 2000च्या जानेवारीत नागा संघटनांचे मोठे शिष्टमंडळ दिल्लीत गेले, लोकांशी बोलायला. त्यातही नागा मदर्स होत्या.

यामागे जुनी रीत होती. तांगखुल नागांमध्ये एका गावची मुलगी दुसऱ्या गावात दिलेली असली की, दोन गावांच्या लढाईत ती मध्ये उभी राहू शकत असे. तिला कोणी हात लावत नसे. तिला पुकरेला म्हणत. तिचे माहेर एका बाजूला, सासर दुसऱ्या बाजूला, म्हणून दोघांनाही तिचा शब्द मानावा लागे. नागा मदर्सनी हा मान पणाला लावला आणि तो खरा ठरला.

आणि इथेच पुढचा पेच सुरू होतो. लढाई थांबवायला स्त्री चालते. मेलेल्याला शाल पांघरायला चालते. पण गावाच्या निर्णयाच्या बैठकीत ती बसत नाही. ग्रामपरिषद पुरुषांची, गावबुरा म्हणजे गावप्रमुख पुरुष, वडिलोपार्जित जमीन मुलाची. 1980 पासून राज्यात ग्रामविकास मंडळे आहेत आणि त्यांत स्त्रियांसाठी एक चतुर्थांश जागा ठेवलेल्या आहेत. निधी वाटण्यापुरते ते मान्य झाले. विधानसभेवर 1963 पासून साठ वर्षांत एकही स्त्री निवडून आली नाही. 1977 साली रानो शैझा लोकसभेवर गेल्या होत्या, थेट निवडणुकीतला तेवढाच अपवाद. संघर्षाने होरपळलेल्या समाजात स्त्रीला शांततेचे काम मिळते आणि सत्तेचे मिळत नाही, हे जगभर दिसते. नागा मदर्सचे वेगळेपण असे की त्यांनी ही वाटणी मुकाट्याने मान्य केली नाही.

वाट सापडली ती राज्यघटनेच्या एका फटीतून. महाराष्ट्रात आपण 1993पासून राखीव जागांवरच्या सरपंच आणि नगरसेविका पाहत आलो, 2011 साली निम्म्या जागा स्त्रियांच्या झाल्या, त्यामुळे हा प्रश्न आपल्याला जुना वाटतो. हे आरक्षण आणणारी, पंचायतींविषयीची 73वी घटनादुरुस्ती नागालँडला लागूच नाही. त्या राज्याला त्यातून स्पष्टपणे वगळले आहे. शहरांविषयीच्या 74व्या दुरुस्तीतून मात्र वगळलेले नाही. राज्याने 2001 साली नगरपालिका कायदा केला आणि 2006 साली त्यात स्त्रियांसाठी 33 टक्के जागा घातल्या. त्यावर जमातींच्या सर्वोच्च मंडळांनी आक्षेप घेतला. त्यांचा आधार होता कलम 371अ: नागांचे धार्मिक आणि सामाजिक आचार, रूढीचा कायदा, जमिनीची मालकी यांबाबत संसदेचा कायदा विधानसभेच्या संमतीशिवाय लागू होत नाही. हे कलम नागांनी रक्त सांडून मिळवले आहे, त्याच्याशी कोणी खेळू नये, अशी भावना होती, आणि ती भावना खोटी नव्हती. स्त्रियांचे उत्तर साधे होते. नगरपालिका ही काही नागांची परंपरा नाही, ती आधुनिक संस्था आहे. कचरा, पाणी, दिवाबत्ती यांत कोणती रूढी मोडते? कोहिमासारख्या डोंगरधारेवरच्या शहरात उन्हाळ्यात पाण्याचा टँकर कधी येणार, याची वाट घरातली बाईच पाहत असते.

2011 साली रोझमेरी झुविचू आणि संघटनेच्या तेव्हाच्या अध्यक्ष अबेऊ मेरू गुवाहाटी उच्च न्यायालयाच्या कोहिमा खंडपीठाकडे गेल्या. झुविचू नागालँड विद्यापीठात इंग्रजीच्या प्राध्यापक, संघटनेच्या सल्लागार. एकल न्यायमूर्तींचा निकाल त्याच वर्षी स्त्रियांच्या बाजूने लागला, पण 2012 साली तो फिरवला गेला, आणि सप्टेंबरमध्ये विधानसभेने ठरावच केला की राज्यघटनेतला नगरपालिकांविषयीचा भाग नागालँडला लागू नाही. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले, तिथे ते पीयूसीएल या नागरी हक्क संघटनेच्या नावाने चालले. 2016 साली न्यायालयाच्या अंतरिम आदेशानंतर विधानसभेने आपला ठराव मागे घेतला आणि 1 फेब्रुवारी 2017 ही मतदानाची तारीख ठरली.

पुढे जे झाले ते या वाटचालीतले सर्वांत कडवट पान आहे. उमेदवार स्त्रियांना अर्ज मागे घ्यायला लावले गेले. ऐकले नाही तर घराण्यासकट वाळीत टाकू, अशा धमक्या आल्या. 31 जानेवारीला दिमापूरमध्ये पोलिसांच्या गोळीबारात दोन तरुण मारले गेले. 2 फेब्रुवारीला जमावाने कोहिमाची नगरपालिकेची इमारत पेटवून दिली. सरकारने निवडणूक रद्द ठरवली, मुख्यमंत्री टी. आर. झेलियांग यांना राजीनामा द्यावा लागला. ज्या संघटनेने रक्तपात थांबवण्यासाठी जंगले तुडवली, तिच्या मागणीवरून घरातच रक्त सांडले, असे बोलले गेले. हा आरोप मला अन्यायाचा वाटतो. पण ज्यांच्यासाठी प्रेतांवर शाली घातल्या त्यांच्याकडूनच तो ऐकताना काय वाटले असेल, याची कल्पना करवत नाही.

शहरांत वादळ चालू असताना खेड्यांत काही घडत होते. फेक जिल्ह्यातल्या चिझामी गावी नॉर्थ ईस्ट नेटवर्क ही संस्था कित्येक वर्षे स्त्रियांबरोबर काम करते: आरोग्य, बियाणे, विणकाम, आणि हक्कांची समज. शेतमजुरीत स्त्री-पुरुषांना समान मजुरी मिळावी म्हणून तिथल्या स्त्रियांनी ग्रामपरिषदेपाशी धरणे धरले नाही की घोषणा दिल्या नाहीत. त्या वर्षानुवर्षे पुन्हा पुन्हा बोलत राहिल्या. 2014 साली परिषदेने समान मजुरीचा ठराव केला. पुढे शेजारच्या एन्हुलुमी गावात दोन स्त्रिया ग्रामपरिषदेवर गेल्या. रूढीचा कायदा बदलू शकतो, आणि तो गावातूनच बदलू शकतो, याचा हा पुरावा. शहरातल्या कोर्टकचेरीइतकाच तो मोलाचा आहे.

2023 साल आले ते दोन टोकांचे. मार्चच्या निकालात हेकानी जाखालू आणि साल्होउतुओनुओ क्रूसे विधानसभेवर निवडून आल्या, राज्याच्या इतिहासात पहिल्यांदाच. त्याच महिन्याच्या अखेरीस, मे महिन्यातली नगरपालिका निवडणूक तोंडावर असताना, विधानसभेने नगरपालिका कायदाच रद्द करून टाकला. एप्रिलमध्ये सर्वोच्च न्यायालयाने निवडणूक रद्द करण्याच्या आदेशाला स्थगिती दिली. नोव्हेंबरमध्ये नवा कायदा झाला. त्यात 33 टक्के जागा राहिल्या, जमीन आणि इमारतींवरचा कर गेला, आणि अध्यक्षपदाचे आरक्षणही गेले. हा सौदा होता. स्त्रियांनी तो पत्करला आणि निवडणुकीला लागल्या.

पूर्वेकडच्या सहा जिल्ह्यांत, मोन, तुएनसांग, लाँगलेंग, किफिरे, नोकलाक आणि शामतोरमध्ये, स्वतंत्र प्रदेशाच्या मागणीपायी 2024ची ही निवडणूक झालीच नाही. तिथल्या स्त्रियांची पाळी अजून यायची आहे. आणि जिथे झाली तिथे निवडून आलेल्या नगरसेविकांपुढे आता अर्थसंकल्प आहे, निविदा आहेत, अधिकाऱ्यांनी पुढे सरकवलेले कागद आहेत. नुसत्या राखीव जागेमुळे यातले काही शिकायला मिळत नाही. महाराष्ट्राचा तीस वर्षांचा अनुभवही हेच सांगतो. नवऱ्याने कारभार पाहायचा आणि बाईने सही करायची, हा आपल्याकडचा रोग तिथे लागू नये असे वाटत असेल, तर कोहिमात आणि दिमापूरमध्ये या नव्या नगरसेविकांसाठी सभेचे कामकाज, निधीचे नियम आणि प्रश्न विचारण्याचा हक्क शिकवणारे वर्ग आत्ताच भरले पाहिजेत, आणि त्यांना शिकवायला जंगलातल्या तळांपर्यंत चालून आलेल्या बायांपेक्षा योग्य कोण आहे? त्यांतल्या अनेकजणी आता सत्तरी ओलांडलेल्या आहेत.